वर उडणारं पाणी आणि शेजारची पाटी

गेल्या श्रावणात अण्णाला, म्हणजे माझ्या भावाला, घेऊन गोकाकच्या धबधब्याला गेलो होतो. घटप्रभा भरून वाहत होती, वाऱ्यानं तुषार पार अंगावर येत होते, चष्मा पुसून पुसून पदर ओला झालेला. तिथं एका शाळेची सहल आली होती, सहावी-सातवीची पोरं असतील, निम्मी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, आणि आमच्या बेळगावकडं असतात तशी एका वाक्यात दोन्ही बोलणारीही. त्यातला एक बारकासा पोरगा कठड्याला धरून बराच वेळ नुसता कड्याकडं बघत उभा होता. मग मागं वळून त्यानं विचारलं, सर, पाणी हितंच का पडतंय? मागं का नाही, पुढं का नाही? सर बिचारे पोरं मोजत होते. चला रे, बस सुटतीया, लाईन मोडू नका. झालं. पोरगा रांगेत गेला, जाता जाता परत एकदा कड्याकडं बघितलं आणि बस गेली. सरांना मी अजिबात नावं ठेवत नाही, पाण्याकाठी एवढी पोरं सांभाळणं म्हणजे काय असतं ते मी शाळेत असताना पुष्कळ अनुभवलंय. पण करदंट घेतलं, घरी आलो, जेवणं झाली, अण्णा झोपलासुद्धा, तरी त्या पोराचा प्रश्न काही डोक्यातनं जाईना.

उत्तर तसं तिथंच पायाखाली आहे. आपल्याकडं सगळा काळा दगड, लाव्हाचा, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचा, पण गोकाकला नदी ज्या कड्यावरनं उडी घेते तो दगड काळा नाहीच, तो वालुकाश्म आहे, कलादगीच्या थरांमधला, शंभर कोटी वर्षांहून जुना. म्हणजे कुठल्यातरी फार जुन्या पाण्याच्या तळाशी साठलेली वाळू, दाबली गेली, घट्ट झाली, आणि आज तिच्यावरनं ५२ मीटर खाली पाणी कोसळतंय. नीट बघितलं तर कड्यात आडवे थर दिसतात, उभ्या भेगा दिसतात, त्या भेगांवरनं दगड सुटतो आणि कडा उभाच राहतो. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण सांगणार कोण? तिथं मला जी पाटी दिसली ती धोक्याची. ती हवीच. पण एवढीच?

हे इतकं मनाला लागायचं कारण म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये मी अमेरिकेतल्या येलोस्टोनला जाऊन आले होते. भाचा सॉल्ट लेक सिटीत असतो, तिथनं गाडीनं पाच-सहा तास. अण्णाला कोरोनानंतर फुप्फुसाचा त्रास राहिलाय, डॉक्टरनी उंचावर नको म्हणून सांगितलं, तेव्हा मी आणि वहिनी दोघीच गेलो. अण्णानं निघताना एकच सांगितलं, तिथं जे वाचशील ते सगळं मला येऊन सांगायचं, फोटो नकोत. फोटो टीव्हीवर पण दिसतात म्हणाला.

येलोस्टोन बघितलेले लोक खूप आहेत आता, त्याबद्दल नवीन काय सांगणार. १८७२ चं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क, जगातल्या गीझरांपैकी, म्हणजे जमिनीतनं थांबून थांबून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांपैकी, निम्म्याहून जास्त एकट्या तिथं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला आधी कळली ती उंची, आणि तीसुद्धा डाळीवरनं. पार्कच्या बाहेर राहायला घर घेतलं होतं, स्वयंपाकघर होतं पण कुकर नव्हता, वहिनींनी पातेल्यात तूरडाळ लावली आणि ती शिजेचना. तास झाला, दीड तास झाला, डाळ फुगलीये पण दाणा आत कच्चाच, बोटात धरला की मधे टचकन लागतोय. भाच्याची लेक, आमची नात, म्हणाली आत्याआजी, गॅस मोठा कर. मी म्हटलं कितीही मोठा कर, पाणी ९३-९४ अंशालाच उकळणार, त्याच्या वर जाणारच नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या लॅबमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळलं तरी थर्मामीटर ९८ च्या आसपास थांबायचा आणि पोरं म्हणायची, बाई, पुस्तकात १०० आहे. मग आम्ही बेळगावची उंची, हवेचा दाब असं सगळं फळ्यावर काढत बसायचो, तास संपून मधली सुट्टी व्हायची तरी पोरं उठायची नाहीत. त्या डाळीपाशी उभं राहून मला ती लॅब आठवली, मेणकापड घातलेलं टेबल, स्पिरिटचा वास, खिडकीतनं येणारी लाल धूळ.

दुसऱ्या दिवशी पार्कातल्याच नॉरिस नावाच्या भागात गेलो. तिथलं म्युझियम अगदी छोटं आहे, १९३० च्या सुमारास बांधलेलं, दगड आणि जाड ओंडक्यांचं. मधोमध भिंतच नाही, आरपार उघडा पडवीसारखा भाग, दोन्ही बाजूला खोल्या. तुम्ही त्या पडवीत पाय ठेवता तेव्हा समोर एकदम सगळं खोरं दिसतं, पांढरंफटक, धूर निघणारं, मधे निळसर पाण्याची डबकी, आणि नाकात गंधकाचा वास भरतो. मला ही रचनाच फार आवडली. आधी माहिती घ्या मग बघायला जा असंही नाही, आधी बघा मग वाचा असंही नाही, दोन्ही एकाच उंबऱ्यावर. एका बाजूला तक्ता वाचायचा, मान वळवली की खरी वस्तू समोर. तिथं एक आकडा वाचला, भोक पाडून मोजलेला: ३२६ मीटर खोलीवर २३७ अंश. मी वहिनींना म्हटलं, अहो, आपण आत्ता उभ्या आहोत त्याच्या खाली, बेळगावच्या किल्ल्यापासनं स्टँडला चालत जाऊ एवढंसुद्धा खाली जायला नको. वहिनींनी पायाकडं बघितलं आणि चप्पल जरा उचलून ठेवली.

नॉरिसला आणि पुढंही सगळीकडं लाकडी फळ्यांच्या वाटेवरनंच चालायचं. खाली उतरायचं नाही. जागोजागी एक पाटी आहे, त्यात एक मुलगा पातळ पापुद्रा फुटून गरम पाण्यात पडतोय असं चित्र. भयंकर आहे ते चित्र, पण त्याच्या खाली का ते पण सांगितलंय, की हा पांढरा थर वरनं जमिनीसारखा दिसतो आणि खाली उकळतं पाणी असतं. आजवर २० हून जास्त माणसं अशी गेलीत. धोक्याची पाटी अशी लिहिली की माणूस नुसता भित नाही, त्याला कळतं.

ओल्ड फेथफुल हा तिथला नावाजलेला गीझर, त्याच्यापाशी असलेलं माहितीचं केंद्र त्या मानानं नवं, २०१० चं, मोठाल्या काचा, आणि काचेतनं थेट गीझर दिसतो. आत मुलांसाठी एक खोली आहे आणि तिथं एक चालता नकली गीझर ठेवलाय. नात त्याच्यासमोरनं हलायला तयार नव्हती. खाली पाणी तापतं, काही होत नाही, काही होत नाही, मग एखादा बुडबुडा सुटतो, वर येता येता विरतो, मग दोन, मग सगळं पाणी थरथरल्यासारखं होतं, थोडंसं वरनं सांडतं आणि सांडल्या सांडल्या सगळंच्या सगळं उसळून वर. परत भरतं, परत वाट बघायची. नात म्हणाली, आत्याआजी, आधी थोडंसं सांडतं तेव्हा काय होतं? मला इतका आनंद झाला की विचारू नका, कारण सगळं मर्म त्या थोड्याशा सांडण्यातच आहे. खोलवरच्या पाण्यावर वरच्या पाण्याचं वजन असतं, त्या दाबामुळं ते शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. ओल्ड फेथफुलमध्ये २२ मीटरवर ११८ अंश मोजलंय आणि तरी ते पाणीच. मग बुडबुडे जमतात, वरचं थोडं पाणी बाहेर ढकललं जातं, वजन हलकं होतं, आणि तेवढ्या हलकेपणानं खालचं पाणी एका झटक्यात वाफ होतं. वाफेला जागा लागते पाण्याच्या पंधराशे पट. बाहेर पडायला वाट मात्र अरुंद. १९९२ मध्ये आत कॅमेरा सोडला होता, सात मीटरच्या आसपास ती नळी जेमतेम चार इंचाची आहे. ज्या दगडातनं पाणी येतं त्यातली सिलिका, म्हणजे आपल्या गारगोटीतलंच द्रव्य, पाण्यात विरघळून वर येते आणि नळीच्या भिंतीवर बसते, म्हणून ही नळी इतका दाब सहन करते. नाहीतर नुसता गरम झरा झाला असता.

हे गणित पहिल्यांदा कुणी मांडलं तर रॉबर्ट बन्सननं. तोच, बर्नरवाला. १८४६ मध्ये तो आइसलँडला गेला आणि तिथल्या मोठ्या गीझरमध्ये वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजून आला. येलोस्टोनमध्ये एका डोंगराला त्याचं नाव आहे, बन्सन पीक. आमच्या शाळेत बन्सन बर्नर फक्त पुस्तकात होता, गॅसचं कनेक्शनच नव्हतं, पोरं त्याची आकृती काढून भाग दाखवायची आणि मार्क मिळवायची. त्या डोंगराखालनं गाडी गेली तेव्हा मी भाच्याला थांबायला लावलं. थांबण्यासारखं तिथं काही नव्हतं, नुसता डोंगर. मी मात्र खाली उतरून बघितला.

बाहेर बाकं अर्धगोलात मांडलेली. पुढचा फवारा किती वाजता उडणार ते लिहिलेलं असतं, दहा मिनिटं इकडं तिकडं. मागचा फवारा किती वेळ चालला त्यावरनं ठरवतात: थोडका असला तर पुढचा साधारण तासाभरात, लांबला तर दीड तासानं. नातीनं घड्याळ लावलं होतं. आधी चुळकाभर पाणी आलं, लोक ओ म्हणाले, थांबलं, परत चुळकाभर, आणि मग ते जे वर गेलं! माझ्या मनात पहिला आला तो गोकाक. तिथं पाणी जेवढ्या उंचीवरनं खाली येतं जवळजवळ तेवढंच उंच इथं वर जातं, कधी ३२ मीटर, कधी ५६. एवढं सगळं आत वाचून आले होते, दाब, वाफ, चार इंच, सगळं डोळ्यासमोर होतं, आणि तरी घसा दाटून आला.

कळल्यामुळं जादू जाते असं म्हणतात ना, ते मला कधीच पटलेलं नाही.

शेजारी बघितलं तर वहिनी हात जोडून उभ्या. मला म्हणाल्या, वन्सं, आमच्या राजापूरच्या गंगेचीच बहीण ही. वहिनींचं माहेर राजापूरकडचं. तिथली गंगा साधारण तीन वर्षांनी येते, चौदा कुंडं भरतात, मग आली तशी जाते, आणि जवळच उन्हाळे नावाच्या गावात गरम पाण्याचा झरा आहे, लोक अंघोळीला जातात. लहानपणी गंगा आली की शाळेला सुट्टी नसली तरी पोरं जायची, असं त्या सांगत होत्या, सांगता सांगता थांबल्या आणि म्हणाल्या, ती का येते ते मी कधी कुणाला विचारलंच नाही हो, विचारलं तर पाप लागेल असं वाटायचं. मी म्हटलं, वहिनी, आत्ता हात जोडलेत ना, आणि आत तक्ता पण वाचलात. काही बिघडलं? नाही म्हणाल्या. उलट जोडावेसेच वाटले जास्त.

त्याच केंद्रात मी एका तक्त्यापाशी बराच वेळ थांबले. येलोस्टोनच्या गरम पाण्यात राहणारा एक बॅक्टेरिया, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथल्या एका कुंडातनं तो मिळवला, त्यांना बघायचं होतं ते एवढंच की इतक्या गरम पाण्यात जगतं कोण. पुढं त्याच्यातलं एन्झाइम पीसीआरला कामाला आलं कारण ते उष्णतेनं मरत नाही, आणि पीसीआरची कल्पना काढणाऱ्या कॅरी मुलिसना १९९३ मध्ये नोबेल मिळालं. आता पीसीआर म्हणजे काय हे बेळगावात कुणाला सांगायला नको. मी वहिनींना तक्ता मराठीत वाचून दाखवला. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, म्हणजे ह्यांच्या नाकात काडी घातली आणि रिपोर्टची वाट बघत आपण बसलो, त्यात हे होतं? मी म्हटलं, ह्याच घराण्यातलं. त्या दिवसातली ती रांग, अण्णाचा मास्कमधनं येणारा श्वास, बाहेर रिक्षात बसलेल्या वहिनी, सगळं त्या काचेपुढं एकदम उभं राहिलं. कुठं ते कुंड आणि कुठं आमची रांग. ज्यांनी ते पाणी नळीत भरून घेतलं त्यांच्या स्वप्नातसुद्धा बेळगाव नसणार. वहिनींनी काचेवर नुसता हात टेकवला आणि पुढं गेल्या.

सगळंच गोड आहे असं नाही. मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड आहे, कधीकाळी गर्द निळं, आता कडेनं पिवळं नारिंगी, कारण लोकांनी त्यात वर्षानुवर्षं नाणी आणि कचरा टाकला, आतली वाट बुजत गेली, पाणी थंड झालं आणि कडेच्या बॅक्टेरियांचा रंग आत सरकला. १९५० मध्ये पाणी उपसून साफ केलं तेव्हा ढिगानं नाणी, रुमाल, टॉवेल, मोजे निघाले. नदीत नाणं टाकणारी माणसं आपण, मला ते वाचून फार वाईट वाटलं. आणि दुसरं, तिथल्या मूळ लोकांबद्दल. इथले आदिवासी गीझरांना भिऊन लांब राहायचे असं कितीतरी वर्षं पर्यटकांना सांगितलं गेलं. ते खोटं होतं. शोशोनी आणि इतर लोक तिथं हजारो वर्षं येत-जात राहत होते, ऑब्सिडियन नावाचा काचेसारखा काळा दगड तिथनं काढून हत्यारं करायचे आणि तो दगड पार ओहायोपर्यंत पोचलेला सापडलाय. आज त्या जागेशी नातं सांगणाऱ्या २७ जमाती मानल्या जातात. माणसांना हलवायचं आणि मग त्यांच्याच नावावर भीतीची गोष्ट लावायची, ह्याचा राग येतो. पण जुनं चूक होतं हे त्याच जागी उभं राहून सांगायला आता सुरुवात झालीय, हेही मी अण्णाला सांगितलं.

सीमाभागात पाटी म्हटलं की आमचे कान टवकारतात. कुठल्या भाषेत, कुठली वर, कुठली खाली, अक्षर केवढं. १९५६ पासनं चाललंय, माझ्या वडिलांची उमर त्यात गेली, माझीही बरीचशी. मला मराठी पाटी हवीच आहे, त्यात माघार नाही, माझ्या शाळेतल्या पोरांनी आपल्या भाषेत वाचावं हा त्यांचा हक्क आहे. पण एवढ्या वर्षांत त्या पाटीवर दगडाबद्दल, नदीबद्दल काय लिहावं ह्यावर एक दिवस तरी कुणी भांडलंय का? खानापूरचा लाल जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो, तो ह्या काळ्या दगडाचाच पावसात कुजून झालेला, हे त्या घरात जन्मलेल्या पोरांना कुणी सांगतं का? आपल्या पायाखाली येलोस्टोनपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट घडून गेलीय. लाव्हा, थरावर थर, पार सौराष्ट्रापर्यंत. फक्त ती थंड झालीय, धूर निघत नाही, म्हणून कुणी बघत नाही.

तर आता मी आणि शाळेतल्या आमच्या कन्नडच्या टीचर, दोघींनी मिळून गोकाकसाठी एका पाटीचा मजकूर करायला घेतलाय. लागेल न लागेल पुढचं पुढं, अर्ज कुणाकडं करायचा ते अण्णा बघतोय. मी मराठीत लिहिते, त्या कन्नडमध्ये, मग एकमेकींना वाचून दाखवतो. मी सुरुवात कलादगीच्या थरांपासून केली होती, त्या म्हणाल्या, बाई, असं नको, आधी त्या पोराचा प्रश्न घाला, थर नंतर. बरोबर होतं त्यांचं. शेवटी काय असावं ह्यावर मात्र अजून जमलेलं नाही. कडा दरवर्षी किती मागं सरकतो हे आम्हाला कुठं सापडलं नाही, त्या म्हणतात मग ते सोडून द्या, मी म्हणते तसंच लिहू या, हे अजून मोजायचं आहे म्हणून.

हे मी नॉरिसला शिकले. तिथं स्टीमबोट आहे, जगातला सगळ्यात उंच उडणारा चालू गीझर, ९० मीटरच्या वर जातो. १९११ नंतर पन्नास वर्षं तो मोठा असा उडालाच नाही. २०१८ मध्ये परत जागा झाला, २०१९ ह्या एका वर्षात ४८ वेळा उडाला. आणि पुढचा कधी, तर सांगता येत नाही असं तिथं सरळ लिहिलंय. ओल्ड फेथफुलला दहा मिनिटांचा हिशोब आणि इथं काहीच नाही, त्याच मातीत, थोड्याच अंतरावर. तरी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बसलेले. आम्हीही दुपारभर बसलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मांडीवर वही, मधनंमधनं जे छोटे फवारे उडतात त्यांची वेळ आणि उंची लिहून ठेवत होते, नोकरीतनं निवृत्त झाल्यापासनं दर उन्हाळ्यात येतात म्हणाले. वहिनींनी धपाट्यांचा डबा उघडला आणि एक त्यांच्या हातात दिला, त्यांनी आधी वेळ लिहून पुरी केली आणि मग खाल्ला. नात त्यांच्या वहीत डोकावून बघत होती. पुढचा फवारा उडाला तेव्हा त्यांनी तिला विचारलं, किती उंच असेल? ती म्हणाली पाच मीटर. ते म्हणाले तीन. दोघांचं काही जमेना, ती हटून बसली, झाडाकडं बोट दाखवून हिशोब सांगायला लागली, तेव्हा त्यांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले.